काटा खरं बोलतो, पण कशाबद्दल?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझी वाटचाल’. ती दोन मिनिटांत संपते. या शाळेतून बाहेर पडलो, पुढे मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, वेगवेगळ्या साखर कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंट विभागात तेहतीस गळीत हंगाम काढले आणि निवृत्त होऊन परत पणदऱ्याला आलो. झाली वाटचाल. उरलेल्या अठरा मिनिटांत मी ज्याच्याकडे आयुष्यभर बघत बसलो त्या वस्तूबद्दल बोलतो. ती म्हणजे दाब मोजणारा काटा, प्रेशर गेज.

ही वस्तू तुमच्या ओळखीची आहे. ठिबकच्या सँड फिल्टरवर दोन असतात. पंक्चरवाल्याकडे असते. आपल्या वयाचा विचार करता घरोघरी कपाटात बीपीचं मशीनही आहे, तेही दाबच मोजतं. या सगळ्यांवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो, किंवा मग ‘गेज खराब आहे’ म्हणून मोकळे होतो. माझा अनुभव या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. गेज खोटं दाखवतंय म्हणून मला जितक्या वेळा बोलावलं गेलं, त्यातल्या बऱ्याच वेळा गेज अगदी ठणठणीत होतं. चूक त्याच्या आजूबाजूला होती. कुठे बसवलंय, कोणत्या पाइपातून त्याच्यापर्यंत दाब पोचतोय, कशाच्या तुलनेत मोजतंय, यात ती दडलेली असते.

एक हिशोब आधी सांगून ठेवतो, तो पुढे सगळीकडे लागणार आहे. आपण दाब ‘किलो’मध्ये बोलतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ उभा केला की त्याच्या तळाशी साधारण एक किलो दाब येतो. एक मीटर पाणी म्हणजे एक दशांश किलो. सरांनी हे आठवीत की नववीत फळ्यावर लिहिलं होतं, आणि मागच्या बाकावरच्यांनी ते लिहून घेतलं नव्हतं, हे मला नक्की आठवतंय, कारण ते मागचे बाकवाले आज पुढच्या रांगेत बसलेत.

आता कारखान्यातली गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही. रसाचा पाक करायला जी वाफ लागते तिला एक्झॉस्ट म्हणतात. टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली, साधारण दीड किलो दाबाची वाफ. एका हंगामात तिथे पाक सारखा पातळ यायला लागला. पॅनवर जास्त वेळ लागायचा, बॉयलरचा बगॅस जास्त जळायचा. इव्हापोरेटर सांभाळणाऱ्या मेटला विचारलं तर तो म्हणे, वाफ पुरत नाही. वरिष्ठ म्हणत, वाफ पुरत नाही कशी? गेज दीड किलो दाखवतंय! मग दोष कुणाचा? मेटचा. दोन मेमो दिले त्याला. लक्ष देत नाही, झोपतो, असं त्यात लिहिलेलं.

मी गेलो तेव्हा गेज काढून तपासलं. बरोबर. कॅलिब्रेशनचा कागद बघितला. तोही बरोबर, तारखेसकट. मग मान वर करून पाइप बघितला. वाफेचा मुख्य पाइप वर छताखाली, सात मीटर उंचीवर. पूर्वी गेज तिथेच वर होतं. शिडी चढायला नको म्हणून हंगामाआधी कुणीतरी ते लांब बारीक नळीने खाली, माणसाच्या डोळ्यांसमोर आणून बसवलं होतं. सोय चांगली केली. पण बारीक नळीत वाफ थंड होते, तिचं पाणी होतं, आणि नळी पाण्याने भरून जाते. सात मीटर पाणी, म्हणजे शून्य पॉइंट सात किलो. गेज वाफेचा दाब अधिक त्या पाण्याचा भार, असा दोन्हींचा मिळून दीड किलो दाखवत होतं. वाफ खरी होती शून्य पॉइंट आठ किलोची.

साक्षीदार शेजारीच होता. पाइपावर थर्मामीटर होतं आणि ते ११६ अंश दाखवत होतं. पाण्याच्या थेंबांबरोबर नांदणारी वाफ, जिला संपृक्त म्हणतात, ती दीड किलोला आपल्या भागात १२६ अंशांच्या आसपास असते. शून्य पॉइंट आठला ११६. म्हणजे दाबाचा काटा आणि तापमानाचा काटा एकाच वाफेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते, रोज, तीन पाळ्यांत, आणि लॉगबुकात दोन्ही आकडे शेजारी शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिले जात होते. कुणी एकमेकांशी ताडून बघितले नाहीत.

डायलमधला काटा मुळातच सात दशांश मागे लावून घेतला की हा प्रश्न सुटतो, किंवा गेज परत वर न्यायचं. आम्ही वर नेलं. पाक घट्ट झाला. मेटच्या फायलीतले दोन मेमो मात्र तसेच राहिले. मी ते काढून टाका म्हणून सांगून बघितलं. ‘जाऊ द्या आता’ म्हणाले.

हे आयुष्यात मला सगळ्यात जास्त टोचलेलं प्रकरण. चूक यंत्राच्या बसवण्यात, शिक्षा माणसाला. म्हणून मी म्हणतो की गेजची चूक हा फक्त इन्स्ट्रुमेंटवाल्यांचा विषय नाही.

गेजच्या आत काय असतं ते थोडक्यात सांगतो. चपटी, अर्धगोलात वाकवलेली पितळी किंवा स्टीलची नळी असते. आत दाब आला की ती किंचित सरळ व्हायला बघते, तिच्या टोकाला दातेरी चाकं आणि काटा. फ्रान्समधल्या युजीन बोर्डन यांनी १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आजतागायत जगभर तीच बोर्डन नळी चालते. नळी गरम झाली की थोडी सैल पडते, काटा किंचित पुढे जातो. म्हणून वाफेच्या गेजला खाली एक गोल पिळलेली नळी देतात. कारखान्यात तिला पिगटेल म्हणतात, डुकराची शेपटी, आणि दिसतेही तशीच. तिच्यात पाणी साचून राहतं आणि गरम वाफ गेजपर्यंत पोचत नाही. ‘ही वाकडी नळी कशाला’ म्हणून ती काढून सरळ निपल लावणारे फिटर मी पाहिलेत. मिलजवळ, पंपाजवळ काटा सतत थरथरतो, दाते झिजतात, मग तो कुठेही थांबतो. दाब वाढताना एक आकडा आणि उतरताना त्याच दाबाला दुसरा आकडा, हा त्या नळीचा जन्मजात स्वभाव. चांगल्या गेजमध्ये हा फरक छोटा, स्वस्तात मोठा.

आता अर्थात बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक ट्रान्समीटर आलेत. तो दाबाचं रूपांतर चार ते वीस मिलिअँपिअरच्या करंटमध्ये करतो आणि कंट्रोल रूममध्ये आकडा उमटतो, तोही दशांशात. लोकांना दशांश दिसला की खात्री पटते. पण ट्रान्समीटर शून्य ते दहा किलोला लावलाय आणि पॅनेलमध्ये शून्य ते सोळा भरलंय, असं झालं तर पाच किलोचा दाब पॅनेलवर आठ दिसतो. दोन्ही यंत्रं निर्दोष. नवीन बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात मी सगळ्यात आधी हेच बघायचो.

आणि एक प्रकार असा, की सेन्सर ठीक, तार ठीक, आकडा ठीक, पण दाब आत येण्याचं भोकच बंद. आमच्याकडे रसाच्या आणि मळीच्या लाइनवर हे नित्याचं. बारीक नळीत मळी घट्ट होते आणि काटा कालच्या आकड्यावर शांत बसून राहतो. मी पोरांना सांगायचो, थरथरणाऱ्या काट्यापेक्षा अजिबात न हलणाऱ्या काट्याची भीती बाळगा. ही भीती किती खरी आहे, याचं जगातलं उदाहरण सांगतो. २ ऑक्टोबर १९९६ ला पेरू देशातल्या लिमाहून एक बोइंग ७५७ विमान रात्री उडालं. विमान धुताना त्याच्या बाजूवरची बाहेरचा हवेचा दाब घेणारी छोटी भोकं चिकटपट्टीने झाकली होती. ती पट्टी काढायची राहिली. विमानाची उंची आणि वेग दोन्ही त्या दाबावरून कळतात. वैमानिकांना एकाच वेळी वेग जास्त आहे आणि वेग कमी आहे असे दोन्ही इशारे मिळत राहिले. अंधार, खाली समुद्र. विमान पाण्यात कोसळलं, त्यातली सगळी ७० माणसं गेली. सेन्सर बिघडलेला नव्हता.

बरं, पुन्हा आपल्या भागात येऊ. व्हॅक्युमचं एक प्रकरण सांगतो, यात पणदऱ्याची उंची येते. साखरेचा दाणा पॅनमध्ये निर्वात करून, म्हणजे हवा काढून, कमी तापमानाला पाडतात. साखर जळू नये म्हणून. हे व्हॅक्युम पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर. आपल्या डोक्यावर हवाच कमी, दाब ७१२ च्या आसपास. गेज हे बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतं. म्हणजे समुद्रकाठी गेजवर ६६० आलं तर पॅनमध्ये १०० मिलिमीटर उरले, तिथे पाणी साधारण ५२ अंशांना उकळतं. इथे गेजवर तेच ६६० आणायचं म्हटलं तर पॅनमध्ये फक्त ५२ मिलिमीटर ठेवावे लागतील, आणि पाणी ३९ अंशांना उकळेल. एवढ्यासाठी कंडेन्सरला जे पाणी लागतं ते पंपांना दमवून टाकतं. इथे ६१२ मिळालं की समुद्रकाठच्या ६६० एवढंच काम झालं.

पुस्तकातला आकडा घेऊन एका ठिकाणी सल्लागार आले होते. व्हॅक्युम कमी पडतंय, इंजेक्शनचा आणखी एक पंप घ्या, म्हणाले. पंपाचं कोटेशनसुद्धा आलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक जुना पाऱ्याचा बॅरोमीटर लटकलेला होता, धूळ खात. तो पुसून मी चीफ इंजिनिअर साहेबांना दाखवला, म्हटलं आधी यातला आकडा वजा करा. पंप घेतला नाही. बॅरोमीटरचा आणखी एक खेळ सांगतो. आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमाराला हवेचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळ्यात कमी. पुण्याच्या सिमला ऑफिसला, म्हणजे हवामान खात्यात, हे घड्याळासारखं रोज नोंदलं जातं. फरक तीन-चार मिलिबारचा. पाण्यात सांगायचं तर तीन-चार सेंटिमीटर. विहिरीत किंवा टाकीत पाण्याची पातळी मोजायला तळाशी सेन्सर सोडतात. त्याच्या वायरमध्ये हवेसाठी केसासारखी बारीक नळी असते. त्या नळीत ओल जाऊन ती बंद झाली, की दहा वाजता विहीर भरल्यासारखी आणि चार वाजता उपसल्यासारखी दिसते. मोटार चालू नसताना!

आता शेत. मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण इथल्या बहुतेकांच्या खिशाचा प्रश्न आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या वाडवडिलांनी ऊस केला आणि पाटाने वाट्टेल तसं पाणी देऊन काही जमिनी खारवटही केल्या. आता ठिबक आलं, चांगलं झालं. पण ठिबक चालतं दाबावर. आपल्याच बॅचमधल्या एका मित्राच्या उसात वरच्या तुकड्यातला ऊस पिवळा पडत होता. खत कमी पडलं म्हणून त्याने दोन वेळा जास्तीचं खत सोडलं होतं. फिल्टरवरची दोन गेजं बघितली. आधीचं दोन किलो, नंतरचं एक पॉइंट नऊ. फरक दशांशाचा, म्हणजे फिल्टर स्वच्छ, असं तो म्हणाला. साधारण अर्धा किलो फरक झाला की बॅकवॉश करायचा हे त्याला पाठ होतं.

मी म्हटलं, मोटार बंद कर, दोन्ही गेजं काढ आणि एकमेकांच्या जागी लाव. लावली. मोटार सुरू केली. आधीच्या जागी दोन पॉइंट चार, नंतरच्या जागी एक पॉइंट पाच. फरक शून्य पॉइंट नऊ! तो हसायलाच लागला, म्हणाला ही दोन्ही फेकून देतो. फेकायची गरज नव्हती. पहिला फरक एक दशांश, दुसरा नऊ दशांश. दोन्हींची सरासरी पाच दशांश, तोच खरा फरक. एक गेज दोन दशांश कमी दाखवत होतं, दुसरं दोन दशांश जास्त. जागा बदलून सरासरी काढली की दोघांची खोड एकमेकांत विरून जाते. फिल्टर तुंबलेला होता.

आता गंमत अशी की ही गेजं नियमात बसणारी होती. डायल शून्य ते दहा किलोचा. अचूकता पूर्ण डायलच्या अडीच टक्के, म्हणजे पाव किलो इकडे किंवा तिकडे. हे डायलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन गेजं, दोघांची पाव-पाव किलोची मुभा, आणि आपण शोधतोय अर्ध्या किलोचा फरक. कसा सापडणार? म्हणून ठिबकला दहा किलोचा डायल घेऊ नका, चारचा घ्या. आणि त्याहून चांगलं, एकच गेज ठेवा आणि तीन तोंडी कॉक लावून तेच आलटून पालटून दोन्ही बाजूंना जोडा. गेज कितीही तिरसट असलं तरी दोन्हीकडे सारखंच तिरसट असेल, वजाबाकी बरोबर येईल. खर्चही कमी.

ग्लिसरीन भरलेली गेजं बऱ्याच जणांनी घेतलीत. वर रबराचं बूच असतं. कमी डायलच्या गेजमध्ये त्या बुचाचं टोक कापायचं असतं किंवा बूच उघडं करायचं असतं, त्यासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. कागद खोक्याबरोबर बांधावर जातो. एप्रिलच्या उन्हात डबी तापते, आतली कोंडलेली हवा फुगते आणि काट्याला मागे ढकलते. सकाळी आणि दुपारी एकाच दाबाला वेगळे आकडे का, याचं हे एक कारण.

फिल्टर धुऊनही वरच्या तुकड्याचं दुखणं पूर्ण गेलं नाही, कारण ती जमीन फिल्टरपासून सहा मीटर चढावर होती. सहा मीटर म्हणजे सहा दशांश किलो तिथेच गेले, पाइपातल्या घर्षणाचे वेगळे. फिल्टरजवळचा काटा हा फिल्टरजवळचा दाब सांगतो, उसाजवळचा नाही. लॅटरलच्या शेवटी गेज लावून बघितलं तेव्हा कळलं की तिथे एक किलोच्या जागी जेमतेम सहा दशांश पोचतोय. साध्या ड्रिपरमधून पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतं. म्हणजे सहा दशांशाला तिथे साडेसत्त्याहत्तर टक्के पाणी. खताचा दोष नव्हताच. वरच्या तुकड्याला वेगळा व्हॉल्व्ह करून जास्त वेळ पाणी द्यायला लागला, पुढच्या खोडव्यात ऊस एकसारखा आला.

बीपीबद्दल दोनच मिनिटं. मी डॉक्टर नाही, फक्त दाबाची गोष्ट सांगतो. हृदय आणि पट्टा एका उंचीवर हवेत. हात खाली लोंबत असेल तर दर दहा सेंटिमीटरला सात-आठ मिलिमीटर पारा जास्त दिसतो. तीच कारखान्यातली सात मीटरची नळी, फक्त आत वाफेच्या पाण्याऐवजी रक्त. आणि पट्ट्याचं माप. मशीनबरोबर येणाऱ्या पट्ट्यावर बहुतेकदा २२ ते ३२ सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं. इथे असे दंड आहेत ज्यांनी तीस वर्षं उसाच्या मोळ्या उचलल्यात. त्यांना हा पट्टा लहान होतो, आणि लहान पट्ट्याने बीपी जास्त दिसतं. टेपने आपला दंड मोजा आणि मोठा असेल तर मोठा पट्टा मागा. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, मोजतानाही बोलायचं नाही. हे आमच्या बॅचच्या काही मैत्रिणींना जमेल का, शंका आहे. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पट्ट्याचं माप सांगून परत मोजायला सांगा.

शेवटी एक प्रयोग, फुकटातला. गेज तपासायला आमच्याकडे वजनं ठेवून दाब देणारं यंत्र असतं. त्याच्या वजनांचा हिशोब प्रमाण गुरुत्वाकर्षणाचा असतो, आणि आपल्याकडे गुरुत्वाकर्षण त्यापेक्षा हजारात सव्वादोन भाग कमी आहे, तेवढं आम्ही दुरुस्त करून घेतो. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमच्या घरावर पाण्याची टाकी आहे. खालच्या एका नळाला गेज जोडा, बाकी सगळे नळ बंद करा, पाणी वाहता कामा नये. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून गेजपर्यंत दोरी सोडून उंची मोजा. सहा मीटर भरली तर सहा दशांश किलो दिसायला हवा. गावच्या उंच टाकीखाली हेच करायला मिळालं तर आणखी बरं, पण आधी ग्रामपंचायतीला विचारा.

आज मी चार डायलची दोन गेजं, तीन तोंडी कॉक आणि दंड मोजायची टेप बरोबर आणलीय. जेवणानंतर जुन्या प्रयोगशाळेत आहे. ज्यांनी आपापल्या फिल्टरवरची गेजं काढून आणलीत, आणि मला दिसतंय की दोघा-तिघांनी खरंच आणलीत, त्यांनी ती घेऊन या. शाळेच्या टाकीची उंची मी सकाळीच मोजून ठेवली आहे.